अप्पा, बंगळुरूत रेकॉर्डचं दुकान सापडलं

अप्पा, गेल्या महिन्यात कंपनीनं मला बंगळुरूला पाठवलं होतं, बियाणं तपासायची नवी पद्धत शिकायला. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी काम करते. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवलं ते बघायचं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळं हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. रविवार मोकळा होता. सोबतच्या बाया राजवाडा बघायला आणि साड्या घ्यायला निघाल्या. मी म्हणाले, डोकं दुखतंय, तुम्ही जा. त्यांची रिक्षा वळली आणि मी चप्पल घालून बाहेर पडले. मला रेकॉर्डचं दुकान शोधायचं होतं.

आई गेल्यापासून मी हे करते. परगावी गेले की रेकॉर्डचं दुकान कुठं आहे आणि गिटार-ड्रमवाला बँड कुठं वाजतो, एवढं विचारून घेते. पुण्यातलं एक दुकान बंद व्हायला टेकलं होतं. हैदराबादेतल्या माणसानं रेकॉर्डींचे तवे केव्हाच काढून टाकले होते, आता घड्याळं विकत होता. फोनवर दिसतात ते पत्ते कितीदा तरी कुलूप लागलेले निघतात. त्यापेक्षा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारावं, त्यांना बराबर माहीत असतं. आणि रेकॉर्डवाल्याला विचारावं की आज कुणाचा बँड आहे, त्याला ते ठाऊक असतंच. हे सगळं मी कुणाला सांगत नाही. आपल्या घरात तुम्हाला ओळखणारं माणूस आता एकही नाही, मग सांगणार तरी कुणाला, आणि पन्नाशीच्या बाईला हे कुठलं वेड म्हणून विचारलं तर काय उत्तर द्यावं.

आज्यानं जन्मभर मेंढरं राखली. तुम्ही तुमच्या वाटणीची विकून मंठ्यात लाऊडस्पीकरचा धंदा टाकला. मशीन आणायला हैदराबादच्या जुन्या बाजारात गेल्तात, तिथं दुकानदारानं मशीनबरोबर इंग्रजी रेकॉर्डींचा एक गठ्ठाही गळ्यात मारला. वर बिनपाकिटाच्या, मधला नावाचा कागद निघालेल्या. कुणाच्या, काय नाव, शेवटपर्यंत कळलं नाही. पण लग्नाच्या मांडवात कर्णे बांधून झाले की पहिली त्यातलीच एक लावायचात. आत्ताही दिसतं मला. दुपारचं ऊन, मांडव रिकामा, आचारी कांदे चिरतायत, आणि एकदम गिटार करवतीसारखी सुरू होते. नवरीचा चुलता धावत येतो. "काय लावलं रे हे? काहून बोंबलून राह्यलेत ते?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "काका, पोट दुखून राह्यलं असंल त्यांचं. पर सुरात दुखून राह्यलं, बघा." चुलता हसतो, आचारी हसतात, आणि तुम्ही माझ्याकडं वळून म्हणता, "ह्याच्यातला ढोल मशीनला झेपला, मंग बाकीचं बिलकुल झेपतंय." मी आठवीत असेन. मला वाटायचं सगळ्या जगातले कर्णेवाले असंच करत असतील.

बंगळुरूत लॉजच्या मॅनेजरनं मला मोबाइलच्या दुकानात पाठवलं. तिथून पुस्तकवाल्याकडं, त्यानं एका गल्लीचं नाव दिलं. रिक्षावाला आपल्या बाजारात बोलतात तसलीच हिंदी बोलणारा निघाला. "रिकार्ड मतलब वो काले तवे क्या, दीदी?" "हौ, वोइच." एवढ्या लांब कुणीतरी तवे म्हणालं म्हणून मला उगीच बरं वाटलं.

चपलांच्या दुकानावर लाकडी जिना होता. वर एक म्हातारे गृहस्थ, पंखा आणि भिंतभर रेकॉर्डी. त्यांनी हिंदीत विचारलं, "कुणासाठी हवीय?"

"वडलांसाठी," मी म्हणाले.

"काय ऐकतात ते?"

काय ऐकायचे, असं मी दुरुस्त करायला हवं होतं. पण त्यांनी इतक्या सहज विचारलं की मीही तसंच सांगून टाकलं. "जोरातलं ऐकतात. गिटार पाहिजे. ढोल चांगला पाहिजे. शब्द कळत नाहीत त्यांना."

"इंग्रजी येत नाही?"

"नाही. गाणारा सुरात ओरडतो की नाही, तेवढं बघतात."

म्हातारबाबा खूश झाले. एकेक रेकॉर्ड काढून लावू लागले. "ही आवडेल त्यांना?" मी ऐकून सांगायची, ही नको, ह्यातला ढोल दबलेला आहे. ही बरी. एका रेकॉर्डला मी म्हणाले, ही लावली तर ते काम सोडून उभे राहतील. ते म्हणाले, "मग हीच न्या." नंतर पाकिटात घालता घालता म्हणाले, "आज संध्याकाळी इथून जवळच पोरांचा एक बँड आहे. लवकर सुरू होतो. घेऊन जा त्यांना." मी हो म्हणाले. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल कुणी मला असं काही विचारलंच नव्हतं.

बँडच्या दारावरच्या माणसानं विचारलं, "किती जण?" मी म्हणाले, एक. त्यानं माझ्या मागं पाहिलं, मग बाजूला झाला. आत सगळी पोरं-पोरी, आपापल्या टोळक्यात. मी लिंबू सोडा घेतला आणि पार मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले, पर्स पोटाशी धरून. कुणी वाईट वागलं नाही. एका पोरीनं "आंटी, बसा ना" म्हणून स्टूलही दिलं आणि परत तिच्या मैत्रिणींत गेली. ड्रमवर एक बारीकशी मुलगी होती. तिनं पहिला ठोका दिला तो माझ्या बरगड्यांत आला.

दोन गाणी झाल्यावर गाणाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, मागं ऐकू येतंय का? आणि माझा हात आपोआप वर गेला. सरळ, पूर्ण वर. मग मला उमगलं की हे का झालं. आवाज पोचतो का बघायला तुम्ही मला मैदानाच्या पार टोकाला पिटाळायचात. एकदा कर्ण्यासमोर नाचत होते तर किती ओरडला होतात, "कानाचा पडदा फाटंल! ऐकायचं तर लांब जाऊन ऐक. आलं तर हात वर कर." आणि मी बाभळीखाली जाऊन हात वर धरायची, तुम्ही खूण करेपर्यंत. इथं गाणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवे होते, त्याला मी दिसले नसणार. आवाजाच्या टेबलावरच्या पोरानं मात्र पाहिलं. त्यानं एक बटण थोडं फिरवलं आणि भुवया उंचावून मला विचारलं, आता? मी मान हलवली. तो परत त्याच्या कामाला लागला. तेवढ्यानं मला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं.

बाहेर आले तेव्हा रस्ता माणसांनी भरलेला होता. कान वाजत होते. वाटलं, कुणाला तरी फोन करावा. फोन काढला, सगळी नावं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि परत पर्समध्ये टाकला. लॉजवर बायांनी साड्या दाखवल्या. एकीनं विचारलं, "डोकं थांबलं का?" थांबलं, म्हणाले.

आता जालन्यात स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. कुकर गार झालाय, एकटीचा भात, त्याला काय वेळ लागतो. वर तुमचं बोलणं लिहिलंय ते शब्दाला शब्द तुमचंच आहे, त्यात मी काही घातलेलं नाही. पण अप्पा, ते लिहिताना मला तुमचा आवाज ऐकू आला नाही. शब्द येतात, तुमचे ओठ हललेले दिसतात, आवाज माझाच असतो. अख्ख्या तालुक्याचे आवाज तुम्ही मोठे करून ऐकवलेत, तुमचा कुणी टेप करून ठेवला नाही. जाड होता की बारीक, हेसुद्धा मला आता सांगता येत नाही. आई होती तोवर तिला विचारता आलं असतं. विचारलं न्हाई.