सानियाचा बोंबील

१७ जाने., शनि.
आणि पुन्हा तेच! टाळ्या जोआनाला, आणि पळून पळून जीव कोणाचा गेला? माझ्या सानियाचा. कॉलेजने एवढा अमेरिकेचा कोच आणलाय, त्याला डाव येतो एकच. जोआनाने लांबट बॉल सानियाच्या हातात द्यायचा, सानियाने उजवीकडे पळायचं. पहिल्यांदा जमलं. मग समोरच्या पोरी तिथेच येऊन उभ्या. कमरेची रिबीन ओढली की खलास. तरी तेच. फ्लॅग फुटबॉल म्हणे. पाय लावायचा नाही तर ह्याला फुटबॉल का म्हणतात अल्ला जाणे.
गाडीत बोलले तर म्हणते, "मॉम, ही इज द कोच." असेल.

२१ जाने., बुध.
आज नवीन काढलं. नाटक. जोआना बॉल दिल्यासारखं करते, सानिया पोटाशी हात धरून पळते, सगळ्या तिच्या मागे. आणि जोआना आरामात लांब फेकते. चालतं, नाही म्हणत नाही. पण माझी पोर रिकाम्या हाताने पळणार?
ह्यांना रुवैसला, तेलाच्या साईटवर, फोन लावला. "टीमचं काम आहे, तू डोकं नको लावू." मग कोण लावणार? तुम्ही असता इथे?

२८ जाने., बुध.
आता तिसरा डाव. सानिया बॉल घेते, उलट बाजूने येणाऱ्या पोरीला देते. मैदानात ओरडून सांगायला नावं हवीत, समोरच्यांना न कळणारी. सानियाने आपली मासळी दिली. बांगडा म्हणजे सानियाने पळायचं. सुरमई म्हणजे नुसतं नाटक. हा नवा, कोळंबी. जोआना "बांग्डाऽ" करते तेव्हा राग असून हसू येतं. कोच मला विचारतो, सुरमई म्हणजे काय. म्हटलं, किंगफिश, महाग असतो. तो हसला. मी नाही.

२ फेब्रु., सोम.
आज पोरीने कमाल केली. बॉल घेऊन पळाली, रिबीनीवर हात पडणार तेवढ्यात थांबली आणि फेकला. थेट टोकाला, जोआनाच्याच हातात! कोच म्हणे, कोणी शिकवलं? ही म्हणे, कोणी नाही, सगळ्या माझ्याकडे धावतात, मग तिकडे कोणीच नसतं.
नाव बोंबील. हातात टिकत नाही म्हणून.
कोच म्हणाला, आधीचे डाव बघून बघून त्यांना सवय लागली की मगच हा चालणार. सेमीफायनलला टाकू. प्रॉमिस. म्हणजे इतके दिवस पोर रिकामी पळाली ती ह्याच्यासाठी. बरं. घरी येऊन खरंच बोंबील तळले.

७ फेब्रु., शनि.
सेमीफायनल.
शेवटी शेवटी जोआना ओरडली, "बोंबील!" सानियाने बॉल घेतला, पळाली, सगळ्या तिच्यावर. आणि मी उभी राहून, "सानिया, पळू नको, फेक गं, फेक!"
शारजाच्या टीममधली एक पोर गर्रकन वळली, जोआनाकडे धावली, बॉल हवेतच पाडला.
मॅच झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन दात काढते. "थँक्यू आंटी. आम्ही चिपळूणचे." चिपळूणचे! अख्ख्या शारजात हीच मिळाली.
जिंकलो तरी. सुरमईवर.
गाडीत सानियाला म्हटलं, मासळीची नावं तुम्हीच ठेवलीत, ती तिला कळलीच असणार.
"अम्मी, शी डिडन्ट. आय आस्क्ड हर. शी ओन्ली ईट्स चिकन."

९ फेब्रु., सोम.
कोचने बोंबील काढून टाकला. "टू रिस्की." शनिवारी फायनल, रोजे लागायच्या आत, आणि त्यात सानियाने फक्त सुरमई करायची. रिकाम्या हाताने पळायचं. वर पालकांनी लांब बसावं म्हणे. पालकांनी! बाकीचे आईबाप माझ्याकडे बघून गालात हसत होते.
कोचवर ओरडले मी, शिक्षा तिला? डाव तिने काढला. तिच्या पळण्यावर बाकीचे सगळे डाव उभे राहिले.
"इट्स ओके, मॉम." ओके काय! नळ सोडून रडत होती बाथरूममध्ये. मी बहिरी नाही.

१० फेब्रु., मंगळ.
कोचला व्हॉइस मेसेज टाकला. माझी हिंदी, मध्ये इंग्लिश, जशी येते तशी. सगळं बोलले. कोच, शनिवारी मी पार्किंगमध्ये बसते, काचा वर करून. वल्लाह, आवाज येणार नाही. पण प्रॉमिस तुम्ही माझ्या पोरीला दिलं होतं, मला नाही. माझा राग तिच्यावर काढू नका. ती बॉल फेकणार की नाही? इन्शाल्ला नको, बघू नको. हो नाहीतर नाही. आणि मला नाही, तिला सांगा, तिच्या तोंडावर. गुरुवार संध्याकाळपर्यंत.
ऐकलंय. माईकचं चिन्ह निळं झालंय.
गुरुवार, कोच.