सगळ्यांना 'डक'

रस्त्याच्या कामाचा तळ, ल्यूटनजवळ
मंगळवार, १४ एप्रिल १९५९

आमच्या एडनाला,

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. जेवण पोटभर मिळतं, फक्त चहाला चिखलाची चव असते. अक्षर लावून वाच, बादली पालथी घालून तिच्यावर लिहितोय.

इथे सगळे आयरिश. परवा शेजारी खणणाऱ्या शीहीला सवयीने म्हणालो, "डक, जरा ते फावडं दे." झालं! उभ्या तळाला ओरडून सांगतो, "हा स्टोकचा गडी मला बदक म्हणतो! अरे, तुमच्या गावात माणसं राहतात की बदकं?" मी म्हटलं, आमच्याकडे पोस्टमनही डक, पाद्रीही डक, पकडायला आलेला पोलीसही डक. "मग बायकोला काय म्हणता?" तीही डकच. पण घरच्या माणसाचं नाव घेताना आधी 'आमचा' लावतात, आणि तो 'आमचा' दारावर आलेल्या परक्याला कुणी लावत नाही. मग त्याने फावडं दिलं.

तू लिहिलंस, बाबा आता कुणालाच ओळखत नाहीत. आईने चहा दिला की म्हणतात, "छान होता हं, डक. निघतो आता, घरी वाट बघत असतील." आणि आई मागच्या अंगणात जाऊन उभी राहते. तू "मी तुमची एडना" म्हणालीस तर ते रडतात, माफी मागतात. तुझं लग्न पुढच्या महिन्यात, तू क्रू गावाला जाणार. आईला एकटीला ते उचलणार नाहीत. मी आलो नाही तर त्यांना टेकडीवरच्या दवाखान्यात ठेवायचं. तो आजोबांच्या वेळी गरिबांना कोंडून राबवायचा कंगालखाना होता, एडना. त्याच्यासमोरून जाताना बाबा रस्ता बदलायचे.

मागच्या पत्रात लिहिलं की मुकादम सुट्टी देत नाही. देतो. मी येऊन गेलो.

ईस्टरनंतरच्या रविवारी. तुम्ही दोघी चर्चला गेलेल्या. बाबा दारातल्या खुर्चीत उन्हाला बसलेले, समोरच्या ब्लूरबाई खिडकीतून लक्ष ठेवून. मला बघून बाबांनी टोपी काढली. माझ्यासाठी टोपी!

"काय डक, वाट चुकलास का?"

मी हो म्हणालो. 

"बस की मग पायरीवर. मूळचा कुठला? काम काय करतोस?"

"रस्त्याचं."

त्यावर त्यांचा चेहरा असा उजळला! "आमचा विल्फसुद्धा रस्त्यावरच असतो. भांड्यांच्या भट्टीत नाही रमला. एका जागी बसेल तर शपथ! पण हात बघावेत त्याचे. सगर, ती भट्टीत रचायची भांड्यांनी भरलेली मातीची पेटी, डोक्यावर घेऊन शिडी चढला ना पहिल्या दिवशी, एक मडकं हललं नाही आतलं. मी बोललो नाही त्याला तसं. पोरं चढून जातात डोक्यावर."

तू म्हणतेस, सगळी नावं गेली. माझं नाव आहे, एडना. चेहरा गेलाय फक्त. मी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसलो होतो आणि ते मला माझ्याबद्दल सांगत होते. इतकं त्यांनी जन्मात कधी सांगितलं नव्हतं.

मग विचारतात, "कुठे भेटला तर सांगशील का त्याला, घरी सगळं ठीक आहे म्हणून? उगाच काळजी करेल."

सांगतो म्हटलं आणि उठलो; ब्लूरबाईंना कुणाला सांगू नका अशी खूण केली. चर्च सुटल्याची घंटा झाली होती, तुम्ही येणार होतात. कोपऱ्यावरून वळून बघितलं तर ते हात हलवत होते, कुठल्याही वाटसरूला हलवतात तसा.

एडना, शनिवारी सामान घेऊन येतोय. दवाखान्याला नको म्हणून कळव. मागची खोली झाडून ठेव. बाबांना माझं नाव सांगू नकोस, ओळखता आलं नाही म्हणून परत रडतील. सांग, भाडेकरू ठेवलाय, रस्त्याच्या कामावरचा, स्वभावाने बरा आहे. आईला तेवढं खरं सांग. उचलणं, अंघोळ, दाढी, परक्याकडून करून घ्यायला सुरुवातीला लाजतील. होईल सवय.

मुलाबद्दल विचारलं तर मी सांगेन, भेटला होता, मजेत आहे म्हणे.

तुमच्या मागच्या खोलीतला,
विल्फ