माळेवर मोजलेला सराव

तीर्थरूप आईस, लेकीचा वाकून नमस्कार.

तू पाठवलेले मोजे पोचले. टपालाला मोज्यांहून जास्त पडले, तेव्हा पुन्हा पाठवू नकोस. आम्ही खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

ठमीची काळजी सोड. "सगळ्या मला एकटांगी म्हणतात, मी फुटबॉल सोडते," म्हणून तुझी नात महिनाभर रडत होती. डाव्या पायाने चेंडू धड लागतच नसे. शेवटी मी ठरवले, रोज संध्याकाळी इमारतीमागच्या भिंतीवर तिने चेंडू मारायचा आणि मी मोजायचे. बोलता बोलता आकडा चुकायचा, म्हणून जपाची माळ हातात घेतली.

पहिल्याच दिवशी एकशे आठ झाले. मेरूमणी ओलांडायचा नसतो, म्हणून सवयीने माळ उलटी फिरवली आणि तोंडातून निघून गेले, "आता पाय बदल!" तिला वाटले, हा फुटबॉलचाच नियम. मीही गप्प राहिले.

दोन महिने झाले. काल तिचे शिक्षक विचारत होते, "ताई, हिचा डावा पाय कुणी तयार केला?" ठमी म्हणाली, "आईने. तिच्याकडे मणी आहेत." शनिवारी ती शाळेच्या संघातून खेळणार! हे तर मला "गुरुजी" म्हणूनच हाक मारतात.

एकच मनाला टोचते. देवाच्या माळेवर लाथा मोजल्या, हे चुकले का गं? उलट टपाली कळव. फक्त पत्र शनिवारनंतर पोचेल असे बघ.

तुझी,
धाकटी