मोटार मागे न घेता परवाना मिळणेबाबत

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
परिवहन कार्यालय, पेठ रोड, नाशिक.

विषय : मोटार मागे न घेता वाहन परवान्याचे नूतनीकरण करून मिळणेबाबत.
संदर्भ : मोटार निरीक्षक साहेबांनी आज सकाळी चाचणीच्या मैदानावर दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

विनंतीपूर्वक कळवितो की, मी ओझर येथील कारखान्यात टाइमकीपर आहे. लहानपणी पोलिओ झाल्याने माझा डावा पाय क्लच दाबण्याच्या कामाचा नाही. सबब माझ्या परवान्यावर ‘फक्त ऑटोमॅटिक गिअरची गाडी’ असा शेरा आहे. तशी जुनी गाडी मी मुंबईच्या एका गृहस्थाकडून घेतली. त्यापूर्वी कारखान्याच्या बसने जात असे. बसची पायरी उंच. रोज दोघेजण मला काखेत धरून वर घेत. माणसे चांगली होती, कुणी कधी तोंड वाकडे केले नाही. तरी रोज सकाळी त्यांना हाक मारताना माझी मान खाली जाई. ती हाक या गाडीमुळे बंद झाली, म्हणून मला हिचे मोल आहे.

गेल्या वर्षी गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली. एका गॅरेजात गिअरचे तेल बदलून घेतले. या गिअरला लाल, पातळ, निराळेच तेल लागते हे त्यांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. त्यांनी सर्व गाड्यांना घालतात तेच घट्ट तेल घातले. आठ दिवसांत रिव्हर्स गेला. आता लीव्हर मागच्या गिअरवर टाकला की इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही.

पुढे दुसऱ्या गॅरेजातील मुबीन मिस्त्रींनी लाल तेल मिळवून घातले, परंतु रिव्हर्स परतला नाही. तेही तेल आता काळे पडले असून त्याला करपल्याचा वास येतो. मिस्त्री म्हणतात, “साहेब, तेल काढलं तर आहे ती पकड पण जाईल. नाही काढलं तर गिअर जळून जाईल. तुम्हीच सांगा, काय करू?”

तेव्हापासून मी फक्त पुढे जातो. ज्यांच्या दारावरून रस्ता आरपार जातो, त्याच नातेवाइकांशी संबंध ठेवले आहेत. सटाण्याची बहीण कलाबाई पुढे बंद असलेल्या बोळात राहते. गेल्या खेपेस मी गाडीतून उतरण्याआधीच तिने मुक्कामाचे विचारले, कारण गाडी ढकलणारी मंडळी कांद्याच्या लिलावाला गेली होती. मुक्काम करावा लागला.

आज चाचणीत मी आठचा आकडा व्यवस्थित काढला. नंतर निरीक्षक साहेबांनी गाडी मागे घेण्यास सांगितले. मी अडचण सांगितली. दुरुस्त करून आणा, असे ते म्हणाले. त्यांचे काही चुकले नाही. परंतु दुरुस्तीला हात लावला तर गाडी जाते, न लावला तर परवाना जातो, आणि दोहोंपैकी काहीही गेले तरी मी पुन्हा त्या पायरीशी. तरी माझ्या परवान्यावर जुन्या शेऱ्याखाली ‘फक्त पुढे’ असा आणखी एक शेरा मारून मिळावा, ही विनंती.

तथापि वरील विनंती तूर्त बाजूला ठेवावी लागत आहे. अर्ज लिहून देण्यासाठी मी गाडी फाटकाबाहेर लावत होतो. आपले रखवालदार भिमाजी यांनी माझी कुबडी पाहिली. उन्हात कशाला चालता, साहेब मालेगावला गेलेत, त्यांच्या जागेत सावलीला लावा, असे म्हणून त्यांनी मला आत घेतले आणि हात हलवत भिंतीला नाक लागेपर्यंत पुढे आणले. इतक्या आपुलकीने बोलावणाऱ्याला नाही म्हणवले नाही. आता ते जेवायला गेले आहेत व आपली जीप येण्याची वेळ झाली आहे.

हा अर्ज गाडीत बसूनच लिहीत आहे. आवारात माणसे पुष्कळ आहेत. हाक मारली तर चौघे धावत येतील. ती हाक मारवत नाही. म्हणून लेखी विनंती करतो की, माझी गाडी मागे ढकलून मिळावी.

आपला नम्र, भिंतीसमोर बसलेला अर्जदार,
कोंडाजी सहादू खैरनार
नाशिक, दि. २७ एप्रिल २००४

सोबत : १. जुना परवाना. २. अपंगत्वाचा दाखला.

ता. क. : लीव्हर न्यूट्रलमध्ये असून हँडब्रेक काढून ठेवला आहे.