तुला माहीत होतं, तिला कळलं
बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्यावर रुसलेली आहे. दहावीच्या वर्षात आम्ही दोघी मैत्रिणी तीर्थपुरीला तुमच्या घरी विज्ञानाच्या अभ्यासाला यायचो. संध्याकाळी तुमचा स्वयंपाक चाललेला असायचा, म्हणून शिकवणीही चुलीपाशीच व्हायची. वर्गात पहिला नंबर माझा. तिचा कधी कितवा, कधी कितवा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही, याचाही मला राग यायचा.

त्या दिवशी तुम्ही थापता थापता विचारता, "भाकरी फुगते कामून गं?" तुमचं वाक्य संपायच्या आत मी सांगते, पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, म्हणून पापुद्रा वर उचलला जातो. तुम्ही "बराबर" म्हणता, पण नजर तिच्याकडे. ती तव्याकडे टक लावून बसलेली. "बाई, मला वाटतं जाळाची गरम हवा आत शिरत असंल." मला हसू येतं. तुम्हाला येत नाही. "मंग ते खरं का खोटं, कसं बघशील?" ती म्हणते, भोक पाडून बघू, हवा आत जात असली तर भोकातून जास्त जाईल, भाकरी जास्त फुगेल. आणि तुम्ही चक्क थापलेली भाकरी तिच्यापुढे सरकवता! ती काडीनं भोक पाडते. भाकरी तव्यावर उलटते, जाळाला लागते आणि तशीच सपाट पडून राहते. "चुकलं बाई!" ती टाळ्या पिटते, "आत काहीच जात न्हाई, आतलंच बाहेर येऊन राह्यलं!"

"मी तर आधीच सांगितलं होतं," मी म्हणाले. ती सपाट भाकरी तुम्ही स्वतःच्या ताटात घेतली आणि म्हणालात, "तुला माहीत होतं गं. तिला आत्ता कळलं." आवाज रागाचा नव्हता, रागाचा असता तर मी विसरले असते. दहावी होऊन शाळा सुटली तेव्हा मला जाडजूड शब्दकोश दिलात आणि तिला तुमचं भिंग. शब्दकोश मी सगळा वाचून काढला. डोळा मात्र त्या भिंगावर होता.

पुढे मी वनस्पतीशास्त्र घेतलं, आता जालन्यात कॉलेजात शिकवते. ती बियाण्यांच्या एका कंपनीत आहे, दिवसभर चाचणीच्या वाफ्यांमध्ये उन्हात उभी. मला वाटायचं, चला, आपलं आपल्या जागी बरं आहे. मग गेल्या हिवाळ्यात मी माझा वर्ग तिच्या कंपनीचं शेत दाखवायला घेऊन गेले. एका ओळीतल्या मिरचीची फुलं गळून पडली होती. कशानं, असं एका पोरानं विचारलं आणि मी बांधावर उभी राहून फूलगळीची सगळी कारणं सांगितली. तापमान, पाणी, कीड, अन्नद्रव्यं, काही सोडलं नाही. पोरांनी लिहून घेतलं. ती तोवर मातीत उकिडवी बसली होती. "मला न्हाई माहीत अजून," ती म्हणाली, "तुम्हाला काय दिसून राह्यलं?" माझी पोरं वह्या मिटून ओळीत उतरली. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, रस्त्याकडच्या झाडांची जास्त गळली, त्यांच्या पानांवर धूळ हाय." ती मुलगी हे तिला सांगत होती. मी तिथंच उभी होते, बाई. मॅडम म्हणाली ती तिला.

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. मग हट्टानं मी वर्गात प्रश्न टाकला आणि गप्प राहिले. कुणी बोलेना. ती शांतता मला सोसवेना, माझं मीच उत्तर देऊन टाकलं. पुन्हा एकदा केलं, पुन्हा तेच. शेवटी कॉलेजच्या आवारातल्या कडुनिंबाची एकच फांदी का वाळून राह्यली, असं शेतात बोललेल्या त्या मुलीनं विचारलं, आणि मी म्हणाले, "मला माहीत नाही." वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी सालीचा तुकडा घेऊन आली, आतून पोखरलेला, आणि आम्ही दोघी टेबलावर डोकं खाली घालून तो उकलत बसलो. आत काय निघेल ते मला माहीत नव्हतं. तास संपल्याची घंटा मला ऐकू आली नाही. इतकं बरं वाटलं, बाई, इतकं की घरी जाताना रिक्षात डोळे भरले. आणि लगेच पोटात तोच जुना जाळ उठला. हे सुख तिला चुलीपाशी बसल्यापासून मिळत आलंय. सगळी वर्षं. फुकट. कसं दिलंत तिला, आणि मला का नाही?

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. ती परवा भेटणार आहे, पण तिलाही दाखवणार नाही. एवढं मात्र लिहून ठेवते. तुम्ही गेल्याचं मला तिनंच फोन करून सांगितलं. ती हमसून रडत होती. मला रडू फुटायच्या आधी मनात पहिलं आलं ते हे, की हिला माझ्या आधी कसं कळलं.