हाताशी ठेवलेली नावं

४ मार्च
आलो एकदाचा. खोली ऐसपैस आहे, खिडकीतून कार्यालय दिसतं, नळाला पाणी येतं. नवी वही घेतली, पहिल्या पानावर झोकात स्वतःचं नाव घातलं. शेचाळिसाव्या वर्षी नव्याने सुरुवात करायची म्हणजे थट्टाच, पण तीन ठिकाणांहून नारळ मिळालेल्या माणसाने नाकं मुरडू नयेत. निघताना बायको एवढंच म्हणाली, की इथे तरी तोंड आवरा. चिमी सहा वर्षांची. तिने रोज चार वाजता, शाळेतून आल्या आल्या, मला फोन करायचं कबूल केलंय. नोकरी पक्की झाली की दोघींना इथे आणायचं. यावेळी घालवायची नाही.

५ मार्च
कार्यालय नागरिकांच्या नोंदणीचं. गावातल्या प्रत्येक माणसाची एक फाइल, आणि सगळ्या एका जुन्या युनिक्स संगणकावर. यंत्राची गोगलगाय झालीय, ती पळवायला मला आणलंय.

दुखणं तासाभरात सापडलं. कर्नेल, म्हणजे यंत्राचा आतला कारभारी, नुकत्याच विचारलेल्या फाइलींची नावं हाताशी ठेवतो, आपण टेबलाच्या खणात ठेवतो तशी. खण केवढा, हे एका आकड्याने ठरतं. खण भरला की ज्याला बरेच दिवस कुणी विचारलेलं नाही, ते नाव बाहेर. माझ्या आधीच्या माणसाने हा आकडा अख्खं गाव मावेल एवढा ठेवलाय. मेमरी तिथेच संपते. वर शेरा मारलाय: आकडा कमी करू नये. कारण दिलेलं नाही. मोठा शहाणा लागून गेला!

दुसरा वेडेपणा म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळणारे म्हातारे कारकून. सगळे त्यांना आजोबा म्हणतात. सकाळ-दुपार बसून हातातल्या यादीतलं एकेक नाव यंत्राला विचारत असतात. कशासाठी, म्हटलं. म्हणाले, पहिल्यापासून चालत आलंय, कुणीतरी विचारायला हवं ना. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारून यादीत शेवटी लिहिलं. मी त्यांनी दिलेला चहा संपवला आणि उठलो.

७ मार्च
आकडा दहाव्या हिश्श्यावर आणला. साहेबांच्या कानावर घालून आजोबांचं नामस्मरणही बंद पाडलं. यंत्र पळायला लागलं. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. अशी पाठ थोपटून घेऊन किती वर्षं झाली, ते सांगत नाही. आजोबांनी यादी खणात ठेवून कुलूप लावलं आणि दोघांसाठी चहा आणला.

चिमीला फोनवर सगळं सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण खूश झाली.

११ मार्च
आजोबा आले नाहीत. टपाल बघणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, कोण आजोबा? मला वाटलं, नव्या माणसाची फिरकी घेतायत. आजोबांच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचं यंत्र आहे. ते म्हणे पहिल्यापासून तिथेच आहे. फरशीवर टेबलाच्या चार पायांचे डाग मात्र आहेत. वाकून हात लावून पाहिले.

१३ मार्च
कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पँट टाकली होती. आज तिथे सरळ भिंत. शेजारचा दुकानदार माझ्याकडेच वेड्यासारखा बघत राहिला.

धावत जाऊन आकडा वाढवला. होता त्याच्या दुप्पट केला. काही उपयोग नाही. खण मोठा केला म्हणून बाहेर गेलेलं आपणहून आत येत नाही. कुणीतरी नाव घेऊन विचारावं लागतं. इतकी वर्षं हेच तर काम करतोय, मला हे ठाऊक होतं.

यंत्रात लाखभर नावं. त्यातलं आजोबांचं कुठलं? चार दिवस त्यांचा चहा प्यालो. नाव विचारलं नाही. शिंप्याचंही नाही. कुणाचंच नाही. वरच्या नावापासून एकेक विचारत सुटलो. संध्याकाळपर्यंत जेमतेम हजार झाली. उद्या पुढे—

१४ मार्च
दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. ओळखपत्र दाखवलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं, कोरं आहे म्हणाला. कोरंच होतं. साहेब शेजारून गेले. हाक मारली, वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी इथे नवा. आकडा वाढवला त्याआधीच माझं नाव बाहेर पडलं असणार. मला या गावात विचारणार कोण?

चार वाजता चिमीचा फोन आला. जेवलात का, म्हणाली. ढसाढसा रडलो. जगात तेवढी एकच विचारते.

१५ मार्च
चार वाजून गेले. फोन नाही. मीच केला. बायको म्हणाली, तुम्हाला कोण हवंय? मी ओरडलो — तोंड आवरलं नाही, शेवटपर्यंत नाहीच. मागून चिमीचा आवाज आला, बाबा आहेत का? म्हटलं, चिमे, माझं नाव सांग. मोठ्याने सांग. ती म्हणाली, बाबा. अगं, नाव! बाबाच, म्हणाली.

बाबा नावाची फाइल नसते, चिमे. मी तुला शिकवलंच नाही.

१६ मार्च
सकाळीच फोन लावला. चिमीने उचलला. आईला हाक मारून म्हणाली, कुणीतरी काका आहेत. रडतायत.

मग फोन बंद. परत लावला — असा नंबर नाही म्हणे.

दुपार
खोलीला दार आहे, पण बाहेरून कुणी — जिन्यावरून माणसं जातायत, दारासमोर थांबून भिंतीला रंग कुठला द्यायचा ते बोलतायत —

ही वही ज्याला सापडेल त्याने एवढंच करावं. मोठ्याने, नाव घेऊन, एकदा विचारावं, की अमुक माणूस कुठे आहे. बस. नाव पहिल्या पानावर —

पान कोरं.

असू दे. परत लिहितो. स्वतःचं नाव काय कुणी विसरतं? माझं नाव