पुढच्या खोलीतला रविवारचा वर्ग

मी, संघमित्रा भिकन बिऱ्हाडे, वय ६९, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार भडगाव. रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे, डोकं माझ्या. कोणाच्या दडपणाखाली न येता, उलट भाच्याची नाराजी पत्करून, हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. घर भाचा धम्मपाल याला. मला ताप आला की हाच मोटारसायकलीवर डॉक्टरांना घेऊन येतो. पोरगा सोन्यासारखा, पण भारी लाजाळू. अट एकच: पुढच्या खोलीत रविवारी सकाळी वयात येणाऱ्या मुलामुलींचा मी जो वर्ग घेते, तो बंद पडू नये. "आत्या, पोरं कशाला? पोरींपुरतं ठेव ना," असं तो म्हणतो. पोरांचा आवाज फुटतो, तीही घाबरतात, आणि भलत्या ठिकाणी उत्तरं शोधतात. धम्मपालनेही शोधली होती. कुठे, ते इथे लिहीत नाही. अट मोडली तर घर ज्योतीला जाईल.

२. ज्योती माझी विद्यार्थिनी. आठवीला वयात येण्यावरचा धडा आला की एकोणीस वर्षं मी "घरी वाचून या" म्हणायचे. आमच्या शाळेत सगळेच म्हणत. एकदा वह्या तपासताना ज्योतीच्या वहीत शेवटच्या पानावर सापडलं: "कंपास चेलनाला. सायकल पुनाला, पण त्याने हळू चालवावी. शेळी विकू नये." तेरा वर्षांची पोर. चार दिवस रक्त जातंय म्हणजे आपण मरणार, असं समजून मैत्रिणीत आणि भावात वाटण्या करून बसली होती. मी तिला घरी आणलं, चहा दिला, सगळं नीट सांगितलं. त्याच रविवारी वर्ग सुरू केला. आज ती नर्स आहे आणि माझ्यापेक्षा छान शिकवते. माझी पुस्तकं, शरीराचे तक्ते आणि बँकेतली ठेव वर्गासाठी तिच्या हवाली. ज्योती, चूक माझी होती. मला माफ कर.

३. ज्योतीच्या आईवर, पुष्पाबाईंवर, माझा जुना राग आहे. आई असून लेकीला एक शब्द सांगितला नाही. हा राग मी कोणाला देत नाही, सोबत नेते.

४. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला रविवार आला तर आधी वर्ग, मग वंदना. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. तिखट कमी करू नये.

५. हे कलम सही करताना वाढवलं. कलम तीन कानावर जावं म्हणून साक्षीदार मुद्दाम पुष्पाबाईंना केलं होतं. वाचून दाखवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, माले तरी कोन सांगेल व्हतं? माले बी तवय वाटनं, आते मी मरस."

त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनाही तेव्हा आपण मरणार असंच वाटलं होतं. मी शिक्षिका, आणि त्यांना हे विचारायचं मला वीस वर्षांत सुचलं नाही. कलम तीन एका रेघेने खोडलं आहे, शेजारी सही केली आहे. यापुढे वर्गात आयाही बसतील. पहिलं नाव पुष्पाबाईंचं, त्यांनीच सांगून घातलेलं.

संघमित्रा भिकन बिऱ्हाडे (सही)

साक्षीदार:
अखिल शांतीलाल जैन, औषध दुकानदार (सही)
पुष्पाबाई तोताराम मोरे, शेतमजूर (सही, अंगठा नको म्हणाल्या)

भडगाव, दि. १२ जानेवारी २०२५, रविवार, वर्ग सुटल्यावर.